सोनूबाईने मागितलेला हुकूम

सावर्ड्याच्या बाजारात आमसुलं घेऊन बसणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण सोनूबाईशी घासाघीस करायला गिऱ्हाईक जरा दबकायचं. तिची आमसुलं चांगली असत हे खरं, पण तिची जीभ त्याहून आंबट होती. भाव पाडून मागणाऱ्याला ती म्हणायची, "तुमच्या बायकोला इचारून या, सोलकडी तिला करायची हाय." गिऱ्हाईक हसायचं आणि सांगितलेल्या भावाने घेऊन जायचं.

बाजारापासून तासाभराच्या चालीवर, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत तिचं घर. हे घर तिचं होतं म्हणजे खरोखरच तिचं होतं. आईबापांना ती एकटी. म्हणून लग्नानंतर ती सासरी गेलीच नाही, तिचा नवरा भागोजी घरजावई म्हणून इकडे आला. बापाच्या मागे ग्रामपंचायतीत घरावर तिचं नाव लागलं. भागोजी फार शांत माणूस. उभ्या जन्मात त्याने बायकोवर आवाज चढवला नाही, हात उचलणं तर दूरच. वाडीतल्या दोनचार घरांतून बाईच्या रडण्याचा आवाज यायचा, तेव्हा सोनूबाई चुलीपुढे बसून म्हणायची, "ह्या बायका गप का बसतात?" तिला ते ठाऊक नव्हतं. ज्या घरात मार नाही त्या घरातल्या माणसाला ते ठाऊक होत नाही.

भागोजी गेला तेव्हा मुलगा रावजी मुंबईला गिरणीत लागला होता. बाप गेला म्हणून आईने त्याचे जास्तच लाड केले. तो गणपतीला आणि शिमग्याला आला की आठ दिवस घरात गोडधोड चालायचं. त्याला विमला बायको करून दिली ती सोनूबाईनेच बघून. शेजारच्या गावची, उंच, हातात काम धरलं की ते संपवूनच उठणारी. रावजी मुंबईत आणि विमला गावी, असं चार-पाच वर्षं चाललं आणि बरं चाललं. मग गिरण्यांचा संप झाला, तो लांबला, फिसकटला, आणि रावजी एक पत्र्याची ट्रंक घेऊन कायमचा घरी आला.

पहिले काही महिने तो पडवीत बसून रस्त्याकडे बघायचा. नंतर दारू सुरू झाली. आणि मग एके दिवशी सोनूबाई बाजारातून आली तर विमला न्हाणीच्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या तोंडातून रक्त येत होतं. भाजीत मीठ जास्त झालं होतं म्हणे. पुढच्या वेळी मीठ कमी झालं होतं. त्याच्या पुढच्या वेळी काहीच झालं नव्हतं, पण लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही हे कारण तर कायमचंच होतं.

सोनूबाई मध्ये पडायची. मुलाच्या छातीवर हात टेकवून त्याला मागे ढकलायची. आणि यातली खरी कठीण गोष्ट अशी, की रावजीने आईला कधी बोट लावलं नाही. दारूने डोळे तांबारलेले असताना, हातात लाकूड असताना तो अगदी मऊ आवाजात म्हणायचा, "आये, तू बाजूला हो. तुला लागंल." हे ऐकलं की सोनूबाईचा हात आपोआप खाली यायचा. तो लहान असताना ती कोयती घेऊन फणस फोडायला बसली की तो तिला असंच सांगायचा.

एकदा ती विमलाला घेऊन पोलिसांकडे गेली. त्यांनी रावजीला बोलावलं, दम दिला, कागदावर सही घेतली आणि सोडलं. तो दोघींच्या आधी घरी पोचला होता. त्या दिवशी विमलाच्या पाठीवर जे वळ उठले ते बघून सोनूबाईने दुसऱ्या सकाळी चिपळूणची एस.टी. पकडली. तिथे सुलेमान मुकादम नावाचे वकील होते. मूळचे खाडीकाठचे, आमसुलांचं जुनं गिऱ्हाईक. घासाघीस न करणारा माणूस म्हणून सोनूबाईचा त्यांच्यावर विश्वास होता.

मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं, मग डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मावशी, मारलं तर तक्रार करता येते. आता त्यासाठी नवा कायदासुद्धा झालाय. पण पकडल्यावर तो जामिनावर सुटणार आणि सुटल्यावर घरीच येणार. नवऱ्याला बायकोपासून लांब ठेव, घरात पाऊल टाकू देऊ नको, असा हुकूम बायकोच्या नावाने मिळेल असा कायदा मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही."

"मंग तिने मरायचा काय?"

मुकादमांनी चष्मा परत लावला. "घर कोणाच्या नावावर आहे?"

"माज्या."

"मग एक करता येईल. दावा तुम्ही लावा. हे घर माझं आहे, मुलाचा यावर काही हक्क नाही, त्याला इथे यायची मनाई करा, असं तुम्ही कोर्टाला सांगायचं. सुनेचं संरक्षण करणारा कायदा नाही, पण घराचं करणारा आहे. सून तुमच्या घरात आहे, तेवढ्यापुरती वाचेल."

असा हा उफराटा न्याय. बाईला वाचवायचं तर भिंतींना वाचवायचं, आणि तेही सासूने पोटच्या पोराविरुद्ध उभं राहून. सोनूबाईने दावा लावला.

कोर्टात न्यायाधीशांनी रावजीकडे बोट करून विचारलं, "हे प्रतिवादी तुमचे कोण?"

"माजा झील. मीच जल्माला घातलाय त्येला."

"त्यांनी तुमच्या घरात येऊ नये असं तुमचं म्हणणं आहे?"

रावजी तिच्याकडे बघत होता. दाढी वाढलेली, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. ते बटण लावून द्यायला हवं, हा विचार त्या घडीलाही सोनूबाईच्या मनात आला. ती म्हणाली, "व्हय. येऊ नये." आणि पदराने तोंड झाकून खाली बसली.

हुकूम मिळाला. सोनूबाईने तो सावर्ड्याला फोटोवाल्याकडून काचेच्या चौकटीत घालून घेतला आणि पडवीत भागोजीच्या तसबिरीशेजारी लावला. येणारा जाणारा तो वाचायचा. ज्याला वाचता येत नसे त्याला सोनूबाई स्वतः सांगायची. रावजी सावर्ड्याला चुलतभावाच्या गोठ्यामागच्या खोपटात राहायला गेला. दोनदा तो आला, पाणंदीत उभा राहून शिव्या घालून गेला, पण खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उतरला नाही. सरकारी शिक्क्याची भीती त्याला होती. रोज रात्री सोनूबाई दाराला आतून सागवानी अडसर घालायची आणि म्हणायची, "झोप गो विमले."

ते वर्ष चांगलं गेलं. विमलाच्या अंगावर मूठभर मांस आलं. उन्हाळ्यात दोघींनी मिळून इतकी आमसुलं घातली की वाळवायला खळं पुरेना, शेवटी छपरावर चटया टाकाव्या लागल्या. एकदा कोकमाच्या सालांना रस लावता लावता विमला कशाने तरी खदखदून हसली. सोनूबाईला सुनेचं हसणं इतकं नवं होतं की ती रसाचा हात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली.

आणि मग शिमगा आला.

सोनूबाईचं घर मानाचं. होळी पेटल्यावर वाघजाईची पालखी वाडीत फिरायला निघाली की पहिली तिच्या खळ्यात उतरायची, तिच्या बापाच्या, आजाच्या वेळेपासून. होळीच्या चार दिवस आधी महिपत तिच्याकडे आला. महिपत म्हणजे गावचा मानकरी, पालखीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. वाईट माणूस नव्हे. उलट कोर्टात जायच्या वेळी वाडीतला तोच एक म्हणाला होता की सोनूबाई बरोबर करते आहे.

"सोनूकाकी, पालखी उतरंल तवा नारळ कोन घेनार?" त्याने विचारलं.

"मी घेईन."

"अगो, बाईच्या हाती पालखीचा नारळ कदी दिलाय काय गावाने? गेल्या साली रावजी दारूत पडलेला, तवा भागोजीच्या भावानं निभावला. तो पन आता नाय. घरातला पुरुष नको? आनि ओटी?"

ओटी मात्र सोनूबाईला भरता येण्यासारखी नव्हती. ती विधवा. देवीची ओटी भरायला सवाष्ण लागते, आणि घरात सवाष्ण एकच होती. तीही रावजीच्याच नावाचं कुंकू लावत होती म्हणून सवाष्ण.

महिपत आवाज खाली आणून म्हणाला, "रावजी आला हुता माज्याकडं. रडला. पालखीच्या दांड्याला हात लावून शपथ घेतो म्हनतो, बायकोला बोट लावनार नाय. गावासमोर, देवीसमोर. ह्याच्या वरचा हुकूम कुठला गो, काकी?"

चूक झाली ती इथे, आणि ती एकट्या सोनूबाईची नव्हती. साऱ्या गावाची तशीच समजूत होती. कोर्टाचा कागद माणसाने लिहिलेला. तो रावजीने मोडला असता, पण वाघजाईच्या दांड्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्या गावात आजवर कोणी मोडली नव्हती. निदान मोडल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय पालखी पहिल्या घरात उतरली नाही तर वाडीचं वर्ष कसं जायचं, ही धास्ती होतीच. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी सोनूबाईने कोणाला सांगितली नाही. तिला मुलाला जेवायला वाढायचं होतं.

विमलाने सगळं ऐकलं. ती फक्त इतकंच म्हणाली, "आत्याबाय, मना त्या दिसापुरती भावाकडं जाऊ द्या."

"आनि ओटी कोन भरंल गो? पालखी गेली की तो पन जाईल. मी हाय ना घरात."

विमला उठून खळं सारवायला गेली.

पालखी आली. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, पोरं नाचत होती. रावजी आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून आला होता. सोनूबाईने स्वतः पुढे होऊन त्याला खळ्यात घेतलं. त्याने दांड्याला हात लावून गावासमोर शपथ घेतली, नारळ घेतला. विमलाने ओटी भरली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, या घराचं जे काय वाकडं असेल ते सरळ कर. लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि सोनूबाई सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. मग तिने रावजीला पुरणपोळी वाढली. तो खाली मान घालून जेवला. "आये, तुज्या हातची चव," एवढंच म्हणाला, आणि सोनूबाई आत जाऊन रडून आली.

मानाच्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाने पालखीबरोबर पुढच्या घरापर्यंत जायचं असतं. सोनूबाई निघाली. रावजी जेवून हात धूत होता, म्हणाला, "मी पन येतंय मागनं." ती पालखीमागून पाणंद चढून गेली. शेजारच्या खळ्यात पालखी नाचायला लागली तरी रावजी येईना. तिने दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा तिच्या घराचं दार बंद होतं. भर दुपारी, शिमग्याच्या दिवशी, मानाच्या घराचं दार बंद.

ती धावत आली. दार आतून लावलेलं, अडसर घातलेला. ज्या दारावर रावजीला मनाई होती, त्या दाराबाहेर घरमालकीण उभी होती आणि रावजी आत होता. पडवीतली हुकुमाची चौकट जमिनीवर फुटून पडली होती. रावजीने ती उतरवायला सांगितली असावी आणि विमला नाही म्हणाली असावी. सोनूबाईने दार बडवलं, हाका मारल्या, पण वर ढोल इतके जोरात वाजत होते की तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. आतलं मात्र तिला ऐकू येत होतं.

विमला जगली. तिचा उजवा हात मुसळाने दोन जागी मोडला होता. तो पुढे वाकडाच जुळला. उजव्या डोळ्याची नजर गेली ती परत आली नाही.

पोलिसांनी पंचनामा करताना विचारलं, "मनाई हुकूम होता ना? मग तो घरात शिरला कसा?"

"मी घेतला."

लिहिणाऱ्याचा हात थांबला. तो काही वाईट बोलला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. सोनूबाईने नंतर कैक वेळा म्हटलं की त्याने तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

मारहाणीबद्दल रावजीला शिक्षा झाली. पण हुकूम मोडल्याबद्दल काहीच झालं नाही, कारण हुकूम मोडलाच नव्हता. मुकादमांनी तिला समजावून सांगितलं, "मनाई तुमच्यासाठी होती, मावशी. मालकिणीनेच आत बोलावलं तर तो अपराधी कसा? कागदावर विमलाबाईंचं नावच नव्हतं."

सोनूबाई बाकावर बसून होती. आंबट जिभेची ती बाई त्या दिवशी अगदी हळू बोलली. "वकीलसाहेब, माला दुसरा हुकूम पायजे. असा लिवा, की माला पन दार उघडता येनार नाय."

"असा हुकूम नसतो."

"का नसतो? त्येच्यावर मनाई घातलीत, ती पुरली नाय. माज्यावर घाला. मी आई हाय त्येची. मी परत उघडीन. आज नाय म्हनतंय, पन उघडीन."

मुकादमांनी मग सांगितलं. एकच वाट होती. घर विमलाच्या नावाने बक्षीसपत्र करून द्यायचं. मग मालकीण विमला, दार विमलाचं, आणि नवा मनाई हुकूम निघेल तोही तिच्याच नावाने. "पण नीट विचार करा. उद्या सुनेने तुम्हालाच बाहेर काढलं, तर मी काही करू शकणार नाही."

"काढू दे," सोनूबाई म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

विमलाने तिला बाहेर काढलं नाही. कधी बोलही लावला नाही, आणि तेच सोनूबाईला सोसवेना. डाव्या हाताने पीठ मळणारी, मान वळवून उजवीकडचं बघणारी सून रोज डोळ्यांसमोर. बाजारातून आली की सोनूबाई खळ्यात उभी राहून विचारायची, "येऊ काय गो आत?" आधी आधी विमला चिडायची, "काय हे, आत्याबाय." नंतर तिला सवय झाली. ती आतूनच म्हणायची, "या." वाडीतल्या बायका हसायच्या. सोनूबाई पण हसायची. पण "या" म्हटल्याशिवाय तिने कधी उंबरा ओलांडला नाही.

शिमग्याला पालखी आता खळ्यात उतरेना. ती पाणंदीत थोडी थांबायची आणि पुढे जायची. महिपत खाली मान घालून जायचा.

तीन-चार वर्षांनी, भात कापून झाल्यावर, रावजी परत आला. पाय फरफटत, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. खळ्याच्या टोकाशी उभा राहून तो म्हणाला, "आये." विमलाने आतून दार लावून घेतलं. सोनूबाई बाहेर होती. "घर माजा नाय रं बाबा," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला वाघजाईच्या देवळात नेलं. सभामंडपात तिने त्याला घोंगडी टाकून दिली.

रोज ती त्याला पेज न्यायची. चमच्याने भरवायची. तो रोज एकच म्हणायचा, "घरी ने मना." लोक येता जाता बघायचे आणि म्हणायचे की असली कसली ही आई. ती ऐकून घ्यायची. पूर्वीची सोनूबाई असती तर एकेकाला घरापर्यंत पोचवून आली असती.

एका दुपारी पेज ओतून देताना विमला म्हणाली, "आत्याबाय, आना त्यांना घरी. मरताना मानसाने असा देवळात पडू नये."

हेच एक वाक्य सोनूबाई इतके दिवस देवाकडे मागत होती. ती लगेच उठली, पदर खोचला, दाराशी गेली. तिथून मागे वळून बघितलं तर विमला कोपऱ्यातला अडसर उचलून आपल्या अंथरुणाच्या कडेला ठेवत होती. मोडक्या हाताने नीट धरवत नव्हता तरी ठेवत होती. आपण काय करतो आहोत हे तिला कळतही नसावं. तोंडाने तिने हो म्हटलं होतं, पण त्या हाताला ते माहीत नव्हतं.

सोनूबाईने खोचलेला पदर सोडला. "नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्येला तिथंच."

"पन आत्याबाय..."

"मी एकदा उघडलंय, पोरी. आता नको."

रावजी त्याच आठवड्यात गेला. संध्याकाळी देवळात दिवा लागला होता, आणि त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं. त्याला भान राहिलं नव्हतं. वर मंडपाच्या लाकडांकडे बघत तो म्हणाला, "आये, आलो काय आपुन घरी?"

"व्हय, बाबा. आलास."

"दार?"

"उघडाच हाय," सोनूबाई म्हणाली आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर ती घरी आली. खळ्यात पाय धुतले. विमला दारात तिची वाट बघत उभी होती, एक डोळा रडून लाल झालेला. त्या दिवशी सोनूबाईने काही विचारलं नाही आणि विमलाने काही म्हटलं नाही. तिने सासूचा हात धरून तिला आत घेतलं. सोनूबाई भिंतीला टेकून बसली, उघड्या दारातून दिसणाऱ्या पाणंदीकडे तिने एकदा नीट बघून घेतलं, आणि म्हणाली, "दार लाव गो विमले."